बाबांचे फर्मे

आमच्या घरात दाराच्या मागे एक जाड खिळा होता आणि त्या खिळ्याला एक्स-रेच्या फिल्मा अडकवलेल्या असायच्या. कुणाची छाती, कुणाचा गुडघा, कुणाचा मोडलेला खांदा. बाबा या फिल्मा कॅम्प पाच नावाच्या वस्तीतल्या एका दवाखान्याच्या कंपाउंडरकडून आणत, ब्लीचच्या पाण्यात बुडवत आणि आई ओरडेपर्यंत मोरीत तशाच राहू देत. फिल्म पांढरी झाली की ब्लेडने तिच्यात लांबट, वाकड्या फटी कापायच्या. झाला फर्मा. सगळ्या फिल्मा पूर्ण पांढऱ्या निघत नसत. काहींवर बरगड्या अंधूक राहायच्या आणि संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवर त्या बरगड्यांची आणि फटींची मिळून एकच सावली पडायची. मला तिची कधी भीती वाटली नाही. इतर मुलींच्या घरी असं काही नसतं हे शाळेत गेल्यावर कळलं, आणि मग मी कुणाला घरी बोलावलंच नाही.

बाबा जीन्स धुण्याच्या कारखान्यात मास्टर होते. नवी शिवलेली जीन्स पुठ्ठ्यासारखी असते, गडद निळी आणि ताठ. लोकांना मात्र नवी पँट जुनी दिसायला हवी असते. तीन-चार वर्षं बसून-उठून मांडीवर आणि कंबरेखाली ज्या फिकट रेघा पडतात, त्या कारखान्यात अर्ध्या तासात पाडायच्या. या रेघांना धंद्यात मूछ म्हणतात. पँट हवेच्या फुग्यावर चढवायची, फर्मा ठेवून खडूने खुणा करायच्या आणि पॉलिश पेपरने घासत बसायचं. घासणारे चौदा जण होते, त्यात नऊ बायका. त्यांना सगळे हात-सेक्शन म्हणायचे. फर्मे बाबांचे, हात त्यांचे.

माणसं कशी बसतात हे बघत राहायची बाबांना सवय होती. विहारात वंदना चालू असतानाही त्यांची नजर पुढच्या माणसाच्या गुडघ्यावर असे. रिक्षावाल्याची पँट उजव्या बाजूला जास्त चुरगळते, कॅरम खेळणाऱ्याची कंबरेशी, बँकेतल्या शिपायाची जवळजवळ चुरगळतच नाही, कारण त्याला कुणी बसू देत नाही, असं ते सांगत. फर्म्यांना नावंही तशीच होती. एका फर्म्याच्या कोपऱ्यात काळ्या पेनाने 'मित्रा' लिहिलं होतं. माझं नाव संघमित्रा. मी एक पाय दुमडून दुसऱ्या गुडघ्यावर वही ठेवायची आणि तासन्‌तास तशीच बसायची. बाबांनी एकदा वर्तमानपत्राचा कागद माझ्या मांडीवर ठेवून पेन्सिलीने रेघा काढून घेतल्या. "हलू नको," म्हणाले. "तुला दुकानात लावणार आहे."

आई घरी धागे कापायची. शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे सकाळी दारात पडत आणि दिवसभर तिच्या बोटांतल्या छोट्या कात्रीचा चकचक आवाज चालू असे. त्या आवाजावर मी पाढे पाठ केले, नंतर पिरियॉडिक टेबल. तो थांबला की मी पुस्तकातून मान वर करायची, कारण याचा अर्थ आई उठली, म्हणजे जेवण. जोंधळ्याची भाकरी, सुकटीची चटणी, कधी बोंबलाचं कालवण. भाकरी थापण्याआधी आई हात तीनदा धुवायची तरी पिठाला कधीकधी निळसर झाक यायचीच. गावाकडून, देशावरून, मामा आला की तो ती भाकरी उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, "आक्के, तुझी भाकर बी जयभीमवाली झाली." सगळे हसायचे. मीही हसायची, तोंडावर हात ठेवून.

शाळेत मला सेठजींनी घातलं होतं. सेठजी म्हणजे बाबांच्या कारखान्याचे मालक, सिंधी, पोट सुटलेले, मृदू आवाजाचे. ती शाळा त्यांच्या नातेवाइकांच्या ट्रस्टची होती, इंग्रजी माध्यमाची. बाबा मला घेऊन त्यांच्या घरी गेले तेव्हा सिंध्यांच्या रीतीप्रमाणे आधी ताटलीत भाजलेला पापड आणि पाणी आलं. बाबांनी पापड मोडला नाही. मी मोडला, आणि त्याचा एवढा आवाज झाला की मला रडू आलं. सेठजी म्हणाले, "रो मत, पुट. पापड आवाज नहीं करेगा तो किसको पता चलेगा ताजा है." त्या शाळेत मी बारा वर्षं काढली. वर्गातल्या मुली आपसांत सिंधी बोलत, बाईंशी इंग्रजी, आणि मी प्रश्न आला तरच बोलायची. चाळीत परत आलं की शालनमावशीची रेश्मा, माझ्याहून एका वर्षाने लहान, नगरपालिकेच्या मराठी शाळेतली, दारातच गाठायची: "ए मॅडम, आज इंग्लिसमधी काय खाल्लं?" मला उत्तर सुचायचं ते रात्री झोपताना. या गप्प राहण्याला घरात सगळे शहाणपणा समजत. आता वाटतं, ती नुसती सवय होती, आणि सवयीला शहाणपण म्हटलं की ती सुटत नाही.

शालनमावशी आमच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि हात-सेक्शनमध्ये सगळ्यांत जुनी होती. नवरा लवकर गेलेला. बारीक, काटक, सतत खोकणारी. पॉलिश पेपरने घासताना निळी धूळ उडते ती छातीत बसते. सगळेच खोकत, पण तिचा खोकला भिंतीतून ओळखू येई. तिने स्वतःच्या छातीचा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांचं बघून झाल्यावर तो तिने आणून बाबांना दिला. "घ्या मास्टर, तुमाला फिल्म. डॉक्टर म्हनला, धूळ टाळा. म्हनलं, ती काय मला टाळंना." बाबांनी तिच्या एक्स-रेतून जो फर्मा कापला तो सगळ्यांत जास्त चालला. तिचा हातही त्यावर असा बसला की दोन पँटी शेजारी ठेवल्या तर कुठली शालनने घासली हे बाबा डोळे मिटून, बोट फिरवून सांगत.

आमच्या चाळीमागचा नाला निळा होता. आठवड्याला रंग बदले, कधी काळा, कधी जांभळा, पण मूळ निळाच. लोक पिढीभर तो बघत आले होते आणि अचानक एका वर्षी त्यांना तो दिसला. मोर्चे निघाले, अर्ज गेले, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून नेले. अर्जावर विहाराच्या कमिटीतल्या बाबांच्या मित्रांच्याही सह्या होत्या, आणि ते चुकीचे नव्हते, त्यांच्या नातवंडांच्या अंगावर पुरळ उठत होतं. बाबांना सही मागायला कुणी आलं नाही. त्यांनी ते मनाला लावून घेतलं. "मला विचारलं असतं तर मी केली असती," ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "आन मग उद्या कुठं गेला असता, नाल्यावर?" काही महिन्यांत गल्लीतल्या कारखान्यांना सील लागलं. मालकांनी आपापल्या परीने वाट काढली. कुणी यंत्रं उचलून दूरच्या तालुक्यात नेली, कुणी नाव बदललं, कुणी सरळ गाळा विकून त्यावर इमारत उभी केली. आमच्या सेठजींनी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड घेतली, पाणी साफ करण्याची टाकी बसवली आणि हात-सेक्शनसकट सगळ्यांना तिकडे नेलं. त्या दिवशी बाबांनी त्यांच्या पायाला हात लावला. सेठजींनी तो वरच्यावर धरला आणि म्हणाले, "मास्टर, मैं अकेला जाके क्या करूंगा उधर?" मला अजूनही वाटतं की त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं. माझी नोकरी आता अशी आहे की धंदे बदलाला कसे तोंड देतात यावर मी दुसऱ्यांसाठी चकचकीत पानं तयार करते. त्यात बाण असतात, चौकोन असतात. ज्या माणसाने एका वर्षी चौदा जणांना सोबत नेलं त्यानेच दोन वर्षांनी त्यांना सोडलं आणि दोन्ही वेळा तो खराच होता, हे त्या चौकोनांत कुठे बसवायचं ते मला कळत नाही.

नव्या शेडमुळे नवं, मोठं गिऱ्हाईक मिळालं, परदेशातलं. त्यांची माणसं येऊन शेड बघून गेली आणि हात-सेक्शनपाशी तोंडाला रुमाल लावून उभी राहिली. धुळीत माणसं घासताहेत हे त्यांच्या नियमात बसत नव्हतं. म्हणून मशीन आलं. कपाटाएवढं, काचेच्या दाराचं, आत लेझरचा किरण. कॉम्प्युटरमध्ये मूछ काढून ठेवायची, पँट आत टाकायची, वीस सेकंदांत रेघा जळून तयार. मशीन बसवायला बंगळूरहून कार्तिक नावाचा तरुण इंजिनियर आला. त्याला हिंदीचे चार शब्द येत होते, मराठी अजिबात नाही. बाबांना इंग्रजी नाही. सेठजींना मध्ये बसायला वेळ नव्हता. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं, दिवाळीची सुट्टी लागली होती. सेठजींनी निरोप धाडला: मास्टर, आपकी बेटी को भेजो.

बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. शेडमध्ये शिरताना ते माझ्या अर्धं पाऊल मागे चालत होते आणि सगळ्यांना दिसेल असे चालत होते. हात-सेक्शनमधून शालनमावशी ओरडली, "आली गं बाई कलेक्टरीण. मास्टर, आता आमाला बी विंग्रजीत शिव्या द्या." माझे कान तापले. पण पहिले तीन दिवस, खरं सांगते, माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. कार्तिक विचारायचा, इथे रेघ का थांबते. मी बाबांना विचारायची. बाबा सांगायचे, कारण माणूस इथे मोडतो, पुढे हाड आहे. मी ते इंग्रजीत सांगायची आणि कार्तिक मान डोलवून पडद्यावर रेघ हलवायचा. बाबांना असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. ते खुर्चीवर बसून दाखवत, उकिडवे बसून दाखवत, कार्तिकला बसायला लावत आणि त्याच्या पँटवर खडूने खुणा करत. कार्तिक हसायचा. दुपारी आईने दिलेला डबा तिघांत व्हायचा, सुकटीचा वास त्याला सोसत नसे पण तो खायचा. मी दोन माणसांच्या मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला देत होते आणि पहिल्यांदाच मला माझ्या आवाजाची लाज वाटत नव्हती. तीन दिवसांत चाळीसेक फर्मे कॉम्प्युटरमध्ये गेले. उरलेले वीस, सगळ्यांत चांगले, अजून आमच्या घरी दारामागे होते. बाबा म्हणाले होते, ते शेवटी आणीन, त्यांना समजावायला वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाला आम्ही तिघं शेडच्या दारात बसलो होतो. बाबा बशीत चहा ओतून फुंकत होते. कार्तिक माझ्याकडे न बघता, कपात बघत, इंग्रजीत बोलू लागला. तो जे बोलला ते मी इथे मराठीत लिहिते आहे, कारण बरीच वर्षं मी ते मराठीत तोंडातून काढलं नव्हतं. तो म्हणाला: तुझ्या वडिलांना सांग की सगळे नमुने आत गेले की हाताचं सेक्शन बंद होणार आहे. मालकाने मला तसं सांगितलं आहे. गिऱ्हाइकाला हवेत ते हे शेवटचे वीसच, आणि ते अजून तुमच्या घरी आहेत. दुसऱ्या ठिकाणचे मास्टर असं काही देण्याआधी मालकाशी बोलून घेतात. मी हे सांगायला नको, पण तू सांग.

बाबांनी बशी खाली ठेवली. "काय म्हनतो?"

त्यांच्या मिशीला चहा लागला होता. शेडमध्ये कुणीतरी रेडिओ लावला होता आणि बायका घासता घासता त्याच्यावर आवाज चढवून बोलत होत्या. मी आत बघितलं, मग बाबांकडे. मला शब्द माहीत होते, एकही अवघड नव्हता.

"तो म्हणतो, तुमचा हात फार चांगला आहे."

बाबा हसले, त्यांनी कार्तिकच्या खांद्यावर थोपटलं. "थँक्यू म्हन त्याला." कार्तिकने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असणार, सांगून झालं, आणि हा माणूस फार मोठ्या मनाचा आहे. मी म्हटलं, थँक्यू.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला त्यांचे ते तीन दिवस मोडायचे नव्हते, हे एक. सेठजींच्या विरुद्ध जाणारं वाक्य माझ्या तोंडून निघालं तर त्यांनी घातलेल्या शाळेचं काय, हेही असेल. पण खरं कारण मला याहून लहान वाटतं. ते वाक्य बोलल्यावर पुढे काहीतरी घडलं असतं, बाबांनी आवाज चढवला असता, सेठजी आले असते, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि मला तिथे मध्ये उभं राहावं लागलं असतं. मला कुणी माझ्याकडे बघायला नको होतं. एवढंच. घरी सांगेन असं ठरवलं आणि घरी आई करंज्या तळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी खिळ्यावरच्या वीस फिल्मा काढून गठ्ठा बांधला. त्यात शालनमावशीची छाती होती, आणि 'मित्रा' होता. मी पिशवी धरली.

डिसेंबरात हात-सेक्शन बंद झालं. सेठजींनी चौदा जणांना केबिनमध्ये बोलावलं आणि हात जोडले. त्यांचा आवाज फुटला होता म्हणे. "मैं क्या करूं, बायर बोलता है." बाबांना ठेवलं होतं, मशीनवर लक्ष ठेवायला. ते त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. आई कात्री घेऊन बसली होती पण आवाज येत नव्हता.

संध्याकाळी हात-सेक्शनमधली सगळी माणसं चाळीत आली. आरडाओरडा नव्हता. ती माणसं दमलेली होती आणि त्यांना बसायला जागा नव्हती म्हणून अंगणात उभी होती. शालनमावशी आमच्या उंबऱ्यावर टेकली. तिच्यामागे रेश्मा, हातात बारावीचं गाइड, बोट पानात घातलेलं.

"मास्टर," मावशी म्हणाली, "छाती माझी, फर्मा तुमचा, मशीन शेठचं. झकास जमलं."

"शालन, मला ठाऊक नव्हतं," बाबा म्हणाले.

"ठाऊक नव्हतं कसं? तुमीच तर दिले फर्मे. पिशवी भरून दिले."

"मशीनला दिले. मला वाटलं, जड माल मशीन करंल आन बारीक काम तुमी. सेठ तसंच बोलला होता मला."

मागून कुणीतरी म्हणालं, "त्याची पोरगी बसली होती ना तिथं चार दिस. तिला येतंय की विंग्रजी."

मग सगळे वळले. ज्याची मला भीती होती तेच झालं, फक्त दीड महिना उशिरा. बाबांनीही मान फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. त्यांना साक्षीदार मिळाला होता.

"सांग गं मित्रा. तो पोरगा असं काही बोलला होता का? हात-सेक्शन बंद करनार म्हनून?"

"नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"नाही बाबा."

बाबा अंगणाकडे वळले आणि ताठ झाले. "ऐकलं? माझी पोरगी इंग्लिश शाळेत शिकली. खोटं बोलायला नाय शिकली." शालनमावशी माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ, रागाने नाही, एखादी पँट उजेडात धरून बघतात तशी. मग खोकली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

त्यानंतर चाळीने आमच्याशी बोलणं सोडलं. भांडण कुणी केलं नाही. नळावर आईसाठी जागा करून देत, पण बोलत नसत. विहारात बाबांच्या शेजारची सतरंजी रिकामी राहायला लागली आणि एका पौर्णिमेनंतर ते जायचेच बंद झाले. रेश्माने गाइड कुणाला तरी देऊन टाकलं आणि ती एका पॅकिंगच्या कारखान्यात जायला लागली, सकाळी सातला माझ्या खिडकीवरून. मला मॅडम म्हणणं तिने सोडून दिलं. बाबा मशीनसमोर बसत. पँट आत जाई, वीस सेकंदांत शालनमावशीचा हात तिच्यावर उमटून बाहेर येई, जळक्या कापसाचा वास येई, पुढची पँट आत जाई. त्यांना काही करायचं नसे. वर्षभराने सेठजींनी त्यांनाही हात जोडले. नाल्याचा निळा रंग गेला. आता तो सगळ्या नाल्यांसारखा आहे, आणि त्याच्या कडेने राहणारी जुनी माणसं बरीचशी निघून गेली, कारण चाळीही गेल्या.

आम्ही बदलापुरात आलो, हेंद्रेपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. बाबा दोन इमारती पलीकडच्या सोसायटीच्या गेटवर असतात. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले दिसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या गुडघ्यांकडे बघत नाहीत. मी मुद्दाम बघितलं आहे. कधी पाहुणे आले की मात्र त्यांचा एक किस्सा ठरलेला असतो: सगळ्या चाळीसमोर माझ्या पोरीने कसं खरं सांगितलं, आणि तरी लोकांनी विश्वास ठेवला नाही. "पण मला माहीत होतं ना," ते म्हणतात. मी तेव्हा चहा ठेवायला उठते. त्यांचं काम गेलं, माणसं गेली, विहार गेलं. उरलेल्यात मोठं काय असेल तर हे. माझ्या खोट्यावर उभं आहे.

शालनमावशीही बदलापुरातच आहे हे मला मागच्या वर्षी कळलं. बेलवलीत एका पोळी-भाजी केंद्रात ती पोळ्या लाटते. मी तीनदा त्या रस्त्यावरून गेले आणि परत आले. चौथ्यांदा आत गेले. दुपारची वेळ होती, ती एकटीच होती, लाटत होती. केस पूर्ण पांढरे, खोकला तोच. मला तिने लगेच ओळखलं. स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बस. मोठी झालीस की. लगीन?"

"नाही."

"बरं केलंस."

मी बसले आणि पर्स मांडीवर धरून एका दमात बोलले. कार्तिकचं ते वाक्य मी तिला मराठीत सांगितलं, शब्द न् शब्द. तिचं लाटणं थांबलं नाही. मला कबूल करायला हवं की मी एका उत्तराच्या आशेने गेले होते. माझ्या ऑफिसातले सगळे कागद तेच म्हणतात, मीही तेच लिहिते: मशीन येणारच होतं, कुणी काही सांगून थांबलं नसतं. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती म्हणाली असती, जाऊ दे पोरी, व्हायचं ते झालंच असतं, तर मी उठून घरी गेले असते आणि झोपले असते.

तिने पोळी तव्यावर टाकली.

"म्हंजी ते ईस फर्मे तवा घरातच हुते."

"हो."

"आन मास्टरनी ते दिलेच नसते, तर?"

"सेठजींना तुम्हाला ठेवावं लागलं असतं. तेच वीस नमुने गिऱ्हाइकाला हवे होते. नवे काढेपर्यंत."

"किती दिस लागले असते?"

मला उत्तर माहीत होतं. अशी कामं किती दिवसांत होतात हे सांगणं आता माझं पोटापाण्याचं काम आहे. "मार्चपर्यंत तरी," मी म्हणाले.

"मार्च." तिने पोळी उलटली, फडक्याने दाबली, ती फुगली. "रेश्माची परीक्षा फेब्रुवारीत हुती."

मी रडायला लागले तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही, ते बरंच केलं. तिने आणखी तीन पोळ्या लाटल्या, मग पाच कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "मास्टरला दे. दात असत्यात का अजून? मऊ हायेत." मी पर्स उघडायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते."

घरी आले तेव्हा बाबा ड्यूटीवरून येऊन पाय धुवत होते. पोळ्या बघून त्यांनी विचारलं, कुठून. मी म्हटलं, शालनमावशी भेटली. त्यांचा हात पाण्याखाली तसाच राहिला. नळ चालू होता. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं.

"काय म्हनाली?"

"काही नाही," मी म्हणाले. "बरी आहे म्हणाली. तुम्हाला विचारत होती."

त्यांनी नळ बंद केला, टॉवेल घेतला आणि पाटावर येऊन बसले. आईने भाजी वाढली. पहिला घास मोडून ते थोडा वेळ तसाच हातात धरून बसले आणि म्हणाले, "बघ. शेवटी तिला पटलंच ना."

"हो," मी म्हणाले.